अर्देशीर गोदरेज : नाव राखणारा कारखानदार

गोदरेज हे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण. सराफाच्या दुकानातील तिजोरी, कचेरीतील दप्तराचे कपाट, दाराच्या कडीला लटकणारे कुलूप अशा कितीतरी वस्तूंवर हे नाव आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. लग्नात मुलीला द्यायचे लोखंडी कपाट कुणीही बनविलेले असो, पुष्कळ घरांत त्याला गोदरेजचे कपाट असेच म्हणतात. परंतु हे नाव ज्यांनी प्रथम वस्तूवर उमटविले ते अर्देशीर गोदरेज शिक्षणाने वकील होते, त्यांचा पहिला धंदा बुडाला होता, आणि तो बुडाला तो मालावर शिक्का कोणता मारायचा एवढ्याच प्रश्नावरून, हे फार थोड्यांना माहीत असते.

महाविद्यालयीन वार्षिकांतून संतांची, समाजसुधारकांची, साहित्यिकांची चरित्रे नेहमी येतात. कारखानदाराचे चरित्र क्वचितच येते. वास्तविक चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलमुलखात अशा चरित्राची गरज अधिक आहे. आपल्या रानातून तेंदूपाने जातात, बांबू जातो, मोहफुले, चारोळी, डिंक आणि हिरडा जातो. कच्चा माल आपला असतो, घाम आपल्या माणसांचा असतो. पण वस्तू तयार होऊन दुकानात येते तेव्हा तिच्यावर नाव दुसऱ्याच गावाचे असते. लहान उत्पादकाने वाढायचे तर मोठ्याचा हात धरावा लागतो, आणि तो हात धरताना काय राखावे, काय सोडावे हा प्रश्न उभा राहतो. अर्देशीरांच्या पुढे हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला होता.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी यांचा जमिनी व घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय होता. घराण्याचे आडनाव मूळचे वेगळे. ते १८७१ मध्ये बदलून गोदरेज असे करण्यात आले. सुखवस्तू घरातील थोरल्या मुलाला मिळावे तसे शिक्षण त्यांना मिळाले आणि ते कायद्याकडे वळले. १८९० मध्ये बाचूबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु पुढच्याच वर्षी, १८९१ च्या एप्रिल महिन्यात, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून बाचूबाई आणि त्यांच्यासोबतची नात्यातील एक मुलगी अशा दोघींचा दुर्दैवी अंत झाला. त्या घटनेने सारी मुंबई हादरली होती. अर्देशीरांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढील आयुष्यात त्यांच्या ठायी जो एकलकोंडेपणा आणि कामात स्वतःला झोकून देण्याची जी वृत्ती दिसते, तिचा उगम येथे असावा असे मानण्यास जागा आहे.

१८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी त्यांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांजिबार येथे पाठविण्यात आले. अशिलाची बाजू मांडताना जे आपल्याला खरे वाटत नाही ते खरे म्हणून सांगावे लागणार, असे तेथे त्यांच्या ध्यानात आले. तसे बोलण्याची त्यांची तयारी नव्हती. वकिली सोडून ते मुंबईस परतले. आजच्या व्यवहारी जगात हा हट्ट वेडेपणाचा वाटेल. पण हाच हट्ट पुढे त्यांच्या धंद्यात दोनदा आडवा आला, आणि शेवटी तोच त्यांच्या धंद्याचे भांडवल ठरला.

परतल्यावर अर्देशीर एका औषधविक्रेत्याच्या दुकानात मदतनीस म्हणून काम करू लागले. तेथे त्यांनी पाहिले की, डॉक्टरांना लागणारी चाकू, चिमटे, कात्र्या अशी शस्त्रक्रियेची हत्यारे सगळी विलायतेहून येतात. ही हत्यारे येथे का बनू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. भांडवलासाठी ते वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. कामांनी त्यांना तीन हजार रुपये कर्जाऊ दिले. १८९५ च्या सुमारास ही रक्कम लहान नव्हती. वडिलांकडे पैसा असताना मुलाने बाहेर हात पसरावा, याचे कारण एवढेच की धंदा आपल्या जबाबदारीवर उभा करायचा, अशी त्यांची इच्छा होती.

हत्यारे तयार झाली. माल बनविण्याची सोय अर्देशीरांपाशी होती. पण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांच्यापाशी नव्हती. ती वाट विलायती मालाच्या विक्रीत मुरलेल्या एका नामांकित पेढीपाशी होती. माल अर्देशीरांनी बनवावा आणि विक्री पेढीने करावी, असा हा व्यवहार. दोन्ही पक्षांचे यात हित होते. पेढीला जवळच स्वस्त माल मिळणार होता, अर्देशीरांना तयार बाजारपेठ मिळणार होती. पेढीच्या मालकाने नमुने पाहिले आणि त्याला ते पसंतही पडले. आज एखादा लहान कारखानदार अशा जोडीदाराच्या शोधात वर्षानुवर्षे फिरतो. अर्देशीरांना तो पहिल्याच धंद्यात मिळाला होता.

बोलणी अडली ती शिक्क्यावर. माल हिंदुस्थानात बनला असे त्यावर लिहिले तर डॉक्टर तो हाती धरणार नाहीत, म्हणून त्यावर परदेशाचे नाव घालावे, असे मालकाचे म्हणणे पडले. व्यापारी म्हणून त्याचा अंदाज चुकीचा होता असे नाही. त्या काळी देशी माल म्हणजे हलका माल ही समजूत एवढी घट्ट होती की, चांगली वस्तूही देशी म्हटल्याबरोबर अर्ध्या किमतीची होई. परंतु अर्देशीरांना ते मान्य होईना. हत्यार येथे बनले असताना ते दुसरीकडे बनले असे लिहिणे म्हणजे झांजिबारच्या कोर्टात जे करायचे नाकारले तेच दुकानात करणे होते. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले. व्यवहार मोडला, त्याबरोबर धंदाही मोडला, आणि कामांचे तीन हजार रुपये मात्र डोक्यावर राहिले.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देणे ही गोष्ट मुळात वाईट आहे काय? तसे म्हणता येणार नाही. जगातले कितीतरी प्रामाणिक कारखाने दुसऱ्यांच्या छापाचा माल बनवितात आणि त्यावर हजारो कुटुंबे पोसली जातात. विकणाऱ्याचे नाव घालणे निराळे, आणि माल जेथे बनला नाही तेथे तो बनला असे सांगणे निराळे. पहिला करार आहे, दुसरी फसवणूक आहे. अर्देशीरांनी दुसरी गोष्ट नाकारली. त्या नकाराची पूर्ण किंमत त्यांनी स्वतः मोजली, हेही विसरता कामा नये. चरित्रे लिहिताना आपण नकाराचे कौतुक करतो आणि त्यानंतरच्या रिकाम्या दिवसांचा हिशेब गाळून टाकतो.

त्या सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. नागरिकांनी आपल्या घरादाराच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी, अशा आशयाची पोलीस अधिकाऱ्यांची सूचना वर्तमानपत्रात आली आणि ती अर्देशीरांच्या वाचनात आली. चांगली कुलपे तेव्हा परदेशातून येत. देशी कुलपे हाताने घडविलेली, एकाची किल्ली दुसऱ्याला लागेल अशी असत. कुलूप ही वस्तू श्रीमंतालाही लागते आणि गरिबालाही लागते. शिवाय कुलूप चांगले की वाईट हे त्यावरच्या देशाच्या नावावरून ठरत नाही, ते चोर आल्यावर ठरते. शिक्क्याच्या प्रश्नावर पोळलेल्या माणसाला ही वस्तू सुचावी यात नवल नाही.

पहिले कर्ज फिटलेले नसताना अर्देशीर पुन्हा कामांच्या दारी गेले. कामांनी पुन्हा पैसे दिले. बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांदा पैसे देणारा सावकार नुसता सावकार नसतो. हत्यारे वाईट होती म्हणून धंदा बुडाला नाही, हे या व्यापाऱ्याने ओळखले होते. अर्देशीरांना खरा जोडीदार मिळाला तो हा. पेढीने माल पाहिला आणि शिक्का बदलायला सांगितला. कामांनी माणूस पाहिला आणि त्याला काम करू दिले.

७ मे १८९७ रोजी मुंबईत लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये कुलपांचे काम सुरू झाले. जागा केवळ २१५ चौरस फुटांची, म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गाहूनही लहान. गुजरात आणि मलबारकडील सुमारे डझनभर कारागीर जमविले गेले. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती आणि लोक शहर सोडून जात होते. अशा दिवसांत नवा कारखाना काढणे हे धाडसच होते. प्रत्येक कुलपाबरोबर ते दुसऱ्या किल्लीने उघडणार नाही अशी हमी अर्देशीर देत. हमी देणे म्हणजे दुकानदाराच्या भरवशावर न राहता गिऱ्हाइकाशी सरळ नाते जोडणे होय. कुलूप चांगले निघाले नाही तर लोक कोणाला धरणार हे त्यावरच्या नावावरून स्पष्ट होते.

अर्देशीर केवळ माल विकून थांबले नाहीत. परदेशी कुलपे उघडून ते त्यांचा बारकाईने अभ्यास करीत. कुलपाच्या आत जी स्प्रिंग असते ती काही काळाने झिजते किंवा तुटते आणि मग चांगले कुलूपही निकामी होते, हे त्यांच्या लक्षात आले. बराच खटाटोप करून त्यांनी स्प्रिंगशिवाय चालणारे कुलूप तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खोटी किल्ली फिरविण्याचा कुणी प्रयत्न केला तर मालकाला ते कळावे, अशा युक्तीचे कुलूपही त्यांनी बनविले.

कामांच्या उपकाराची फेड कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या नात्यातील बॉइस नावाच्या तरुणाला अर्देशीरांनी धंद्यात भागीदार म्हणून घेतले आणि कंपनीचे नाव गोदरेज अँड बॉइस असे झाले. बॉइस फार काळ धंद्यात राहिले नाहीत. ते निघून गेल्यावर त्यांचे नाव पुसून टाकणे सहज शक्य होते. पण अर्देशीरांनी ते तसेच ठेवले, आणि शंभराहून अधिक वर्षे ते कंपनीच्या नावात टिकून आहे. आपल्या मालावर खोटे नाव घालू न देणारा हा माणूस, दुसऱ्याचे खरे ऋण असलेले नाव मात्र जन्मभर मिरवीत राहिला.

कुलपांनंतर तिजोऱ्या आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी त्या कामाला हात घातला. तिजोरी चोराला दाद देणारी नसावी आणि आगीतही आतील कागद जळू नयेत, असा दुहेरी हेतू होता. धाकटे बंधू पिरोजशा १९०६ च्या सुमारास धंद्यात आले. अर्देशीर शोधक वृत्तीचे आणि पिरोजशा संघटक वृत्तीचे. ही जोडी जमली. एकाने नवी वस्तू घडवावी आणि दुसऱ्याने ती हजारोंच्या संख्येने बनवून देशभर पोहोचवावी, अशी कामाची विभागणी झाली. ज्याला आपण आज उत्पादनातील जोडीदार म्हणू तो अर्देशीरांना अखेर घरातच मिळाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट होऊन आग लागली, तेव्हा त्या आगीतून गोदरेजच्या तिजोऱ्या आतील ऐवजासह शाबूत निघाल्याचे सांगतात. ते पाहायला अर्देशीर हयात नव्हते.

अर्देशीरांचा तिसरा उद्योग साबणाचा. तोपर्यंत साबणात जनावरांची चरबी वापरली जाई आणि त्यामुळे अनेक हिंदू व मुसलमान घरांत साबण वापरणे निषिद्ध वाटे. केवळ वनस्पती तेलांपासून चांगला साबण होणार नाही, अशी समजूत होती. अर्देशीरांनी तो करून दाखविला. १९१८ मध्ये चावी नावाचा कपडे धुण्याचा साबण निघाला. त्यानंतर अंगाचा साबण आला, आणि त्याचे नाव ठेवले दोन नंबर. एक नंबर १९२२ मध्ये मागाहून आला. आधी दोन नंबर का, असे कुणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : दोन नंबरच इतका चांगला निघाला तर एक नंबर किती चांगला असेल, हे लोकच ताडतील. सचोटीचा माणूस व्यवहारात भोळा असतो, हा समज या एका गोष्टीने दूर व्हावा. पुढे रवींद्रनाथ टागोर आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यासारख्यांनी या देशी साबणाची शिफारस केली.

स्वदेशीच्या चळवळीविषयी अर्देशीरांचे मत चारचौघांहून वेगळे होते. देशी आहे म्हणून वाईट माल सोसा, असे लोकांना सांगणे त्यांना पटत नसे. देशी माल विलायती मालाइतका किंवा त्याहून चांगला झाला पाहिजे, मग तो कुणाला सोसावा लागणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. तरीही टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या फंडातील ही फार मोठी देणगी होती. पुढे त्यांनी धंद्याची सूत्रे पिरोजशांच्या हाती दिली आणि ते नाशिककडे शेतीत रमले. १९३६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात पिरोजशांनी मुंबईबाहेर विक्रोळीला मोठी कारखान्याची वसाहत उभी केली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली, तेव्हा लक्षावधी पोलादी मतपेट्या तेथे तयार झाल्या. १९५८ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने गोदरेजने फ्रिज बनविण्यास सुरुवात केली. अर्देशीरांच्या वारसांनी परक्यांचा हात धरायला नकार दिला नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मात्र प्रत्येक जोडीदारी टिकली असेही नाही. १९९० नंतरच्या दशकात साबणाच्या धंद्यात प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य अमेरिकन कंपनीशी त्यांनी भागीदारी केली. साबण गोदरेजच्या कारखान्यात बनायचे आणि विक्री संयुक्त कंपनीने करायची, अशी ती व्यवस्था होती. १९९६ मध्ये ती मोडली आणि गोदरेजला आपली विक्रीची यंत्रणा पुन्हा उभारावी लागली. पण साबणांची नावे त्यांची स्वतःची होती, ती परत घेऊन ते पुढे जाऊ शकले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या हत्यारांच्या व्यवहाराची येथे आठवण होते. कारखाना आणि विक्री यांची फारकत झाली की, ज्याच्याकडे नाव असते तोच पुन्हा उभा राहतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मुलखात या गोष्टीचा काय उपयोग? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाच्या स्वतःच्या परवान्यावर बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. म्हणजे कच्चा माल विकताना ठेकेदाराशी बरोबरीने बोलण्याची सुरुवात झाली आहे. पुढची पायरी वस्तूची. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण मिळते, आरमोरीचा कोसा नावाजलेला आहे, मध आणि मोहाचे पदार्थ करणारे बचत गट आहेत. यांपैकी एखाद्याचा माल चांगला निघाला की, एक दिवस मोठ्या शहरातून कुणी येईल आणि म्हणेल की, माल तुम्ही द्या, शिक्का आमचा राहील.

त्या दिवशी काय करावे? अर्देशीरांचे चरित्र यावर एका शब्दाचे उत्तर देत नाही. घरी चूल पेटायची असेल तर असा व्यवहार करण्यात कमीपणा नाही. मात्र काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. माल कोठे बनला हे खरे लिहिले जाणार आहे काय? प्रत्येक नगाची जबाबदारी कोणावर राहील? करार मोडला तर आपल्याजवळ काय उरेल : नुसती अवजारे, की गिऱ्हाइकाच्या ओळखीचे नावही? थोडा माल का होईना, आपल्या गावाच्या नावाने विकण्याची मुभा करारात ठेवता येईल काय? हे प्रश्न विचारण्यासाठी वकील व्हावे लागत नाही. पण ग्रामसभेतल्या, बचत गटातल्या आपल्या आयाबहिणींना करार वाचून दाखवील असा घरचा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी लागते. कला शाखेत शिकून काय करणार, असे आपल्याला नेहमी विचारले जाते. हे काम तर आपण खात्रीने करू शकतो.

आणखी एक गोष्ट. अर्देशीरांना मेरवानजी कामा भेटले नसते तर त्यांचा नकार इतिहासात राहिला नसता. तत्त्वाला चिकटून राहणारा माणूस आपल्याला आवडतो, पण त्याला दुसऱ्यांदा पैसे देणारा माणूस समाजात असावा लागतो. आपल्या जिल्ह्यांत मालाची वाण नाही, हातातल्या कसबाचीही नाही. वाण आहे ती कामांची. जे शिकून नोकरीला लागतील, चार पैसे गाठीला बांधतील, त्यांनी आपल्या गावातील एखाद्या धडपड्या कारागिराच्या पाठीशी उभे राहावे, आणि तो पहिल्या खेपेस बुडाला तरी माल कसा होता तेवढे पाहून पुन्हा उभे राहावे. असे झाले तर आपल्या रानातल्या वस्तूंवर आपल्या गावांची नावे उमटायला फार वर्षे लागणार नाहीत.